पात्रतेचा दरवाजा : प्रेस्बिटेरियन चर्चमधील काळ्या पाळकांची वाटचाल

‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही.’ राखीव जागांच्या कागदांवर हा शेरा कितीदा पडला हे मोजायला बसलो तर वह्या पुरायच्या नाहीत. आपल्या वाचकांतील अनेक शिक्षकमित्रांना तो पाठ आहे. या शेऱ्यात जातीचा उल्लेख नसतो, फक्त पात्रतेचा असतो. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी शाळेची वाट अडवून धरली, तेच पुढे टेबलापलीकडे परीक्षक म्हणून बसतात आणि शाळेचा दाखला मागतात. दाखला नसला तर मान हलवतात. असला तर त्यात खोट काढतात.

म्हणून परीक्षाच नको, असे मात्र आपल्याला म्हणता येत नाही. कारण जन्माच्या मक्तेदारीवर पहिला घाव घालायचा तर तो परीक्षेनेच घालावा लागतो. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी नेमकी हीच सूचना केली होती. पुरोहितपद वंशपरंपरेने चालू नये, ते कोणाही हिंदूला खुले असावे, राज्याने ठरवलेली परीक्षा उत्तीर्ण होऊन सनद मिळवल्याशिवाय कोणी पौरोहित्य करू नये, असे त्यांनी सुचवले. सवर्ण समाजाने ती सूचना मनावर घेतली नाही. पण पुरोहिताचा जन्म न पाहता त्याची परीक्षा घेणारा एक धर्मसमाज तेव्हा जगात पावणेचारशे वर्षे नांदत होता. तो म्हणजे प्रेस्बिटेरियन चर्च. त्या परीक्षेपुढे एक गुलाम, एका गुलामाचा मुलगा, एक पळून आलेला लोहार उभा राहिला तेव्हा काय झाले? धर्मग्रंथांवर विश्वास असो वा नसो, हा इतिहास आपल्या कामाचा आहे. परीक्षा जन्माची भिंत पाडते की नवी भिंत बांधते, याचा ताळा त्यात सापडतो.

१

आधी ती वाट समजून घेऊ.

१५६० च्या सुमारास जॉन नॉक्स यांच्या पुढाकाराने स्कॉटलंडमध्ये हा पंथ उभा राहिला. याच्यात बिशप नाही. मंडळी आपल्यातून वडील निवडते. एका टापूतील सर्व पाळक आणि मंडळ्यांचे प्रतिनिधी वडील मिळून जी सभा होते तिला प्रेस्बिटेरी म्हणतात. तिच्यावर सिनड आणि सर्वांत वर महासभा. पाळक घडवण्याचा अधिकार प्रेस्बिटेरीचा आणि तिच्यात सर्व पाळक समान. शहरातल्या श्रीमंत चर्चचा पाळक असो की खेड्यातला, मत एकच. अमेरिकेतली पहिली प्रेस्बिटेरी १७०६ साली फिलाडेल्फियात भरली.

पाळक होऊ इच्छिणाऱ्याला प्रथम प्रेस्बिटेरीच्या देखरेखीखाली यावे लागे. त्याने महाविद्यालयाची पदवी किंवा तितक्या अभ्यासाचा पुरावा दाखवावा, त्यानंतर मान्यताप्राप्त आचार्याच्या हाताखाली निदान दोन वर्षे ईश्वरविज्ञान शिकावे, असा अमेरिकन चर्चचा अठराव्या शतकाच्या अखेरचा नियम होता. मग परीक्षा. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू भाषांचे ज्ञान, एका धर्मप्रश्नावर लॅटिन भाषेत निबंध, मूळ भाषेतील शास्त्रवचनाचे चिकित्सक विवरण, एक व्याख्यान, शेवटी लोकांपुढे उपदेश. इतके पार पडले की उपदेशाचा परवाना मिळे. हा परवानाधारक उपदेश करू शके, पण बाप्तिस्मा देऊ शकत नसे, प्रभुभोजनाचा विधी करू शकत नसे आणि प्रेस्बिटेरीत त्याला मत नसे. तो उमेदवारच. एखाद्या मंडळीने रीतसर पाचारण केले, प्रेस्बिटेरीने पुन्हा तपासले, की सर्व पाळक त्याच्या मस्तकावर हात ठेवून त्याला दीक्षा देत. आपण दीक्षा हा शब्द १९५६ च्या नागपूरशी जोडतो. तेथे तो धर्म स्वीकारण्याचा होता, येथे पद स्वीकारण्याचा आहे. पण हस्तार्पणाचा एक अर्थ आपल्याला चटकन कळेल. ज्याच्या स्पर्शाचा विटाळ मानायचा त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला आपल्या बरोबरीचा मतदार म्हणून शेजारी बसवायचे. गुलामगिरीच्या अमेरिकेत ही लहान गोष्ट नव्हती.

नियमात वर्ण कोठेच नव्हता. कातडीच्या रंगाबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. फक्त लॅटिन, ग्रीक, हिब्रू होते.

२

जॉन चॅव्हिस यांनी ही वाट पहिल्यांदा चालून दाखवली. १७६३ च्या सुमाराचा जन्म. स्वतंत्र काळे गृहस्थ. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेले. व्हर्जिनियातील लेक्सिंग्टनच्या अकादमीत ते शिकले. प्रिन्स्टनच्या विश्वस्तांच्या १७९२ च्या कागदांतही त्यांच्या शिक्षणाच्या मदतीची नोंद सापडते. लेक्सिंग्टनच्या प्रेस्बिटेरीने त्यांची रीतसर परीक्षा घेतली आणि १९ नोव्हेंबर १८०० रोजी त्यांना उपदेशाचा परवाना दिला. पुढच्या वर्षी महासभेने त्यांना आपल्या वर्णाच्या लोकांत प्रचारक म्हणून नेमले.

येथपर्यंत कथा गोड आहे. पण परवान्यापुढची पायरी त्यांना कधी मिळाली नाही. लॅटिन आले, ग्रीक आले, उपदेश आवडला. मस्तकावर हात मात्र पडला नाही. ते जन्मभर उमेदवारच राहिले.

चॅव्हिस नॉर्थ कॅरोलायनात शिक्षक झाले. १८०८ साली रॅले शहरात त्यांनी आपल्या शाळेची जाहिरात दिली : दिवसा गोरी मुले, संध्याकाळी काळी मुले. पुढे अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसलेले विली मँगम हे त्यांचे विद्यार्थी. म्हणजे गोऱ्यांच्या मुलांना लॅटिन शिकवायला हा काळा मास्तर चालत होता. मग १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलाम उपदेशकाने बंड केले. त्या धास्तीने नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने काळ्या माणसाला उपदेश करण्याचीच बंदी केली. तीस वर्षांचा परवाना एका कायद्याने कागद झाला. चॅव्हिस यांनी प्रेस्बिटेरीकडे दाद मागितली. ज्या सभेने आपल्या परीक्षेचा इतका अभिमान बाळगला, तिने त्यांना कायद्यापुढे मान तुकवण्याचा सल्ला दिला. १८३८ मध्ये ते वारले.

चॅव्हिस यांना बंडखोर म्हणून रंगवणे खोटे ठरेल. मँगम यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी गुलामांच्या तात्काळ मुक्तीला विरोधच केला होता. ते सौम्य होते, विद्वान होते, प्रस्थापितांना हवे तसे वागणारे होते. तरीही ते वाचले नाहीत. ‘तुमची भाषा जरा सौम्य असती तर’ असे आपल्याला सांगणाऱ्यांनी चॅव्हिस यांचे चरित्र वाचावे.

३

दुसरे नाव जॉन ग्लॉस्टर यांचे. जन्म १७७६ च्या सुमाराचा, गुलामगिरीत. टेनेसीतील गिडियन ब्लॅकबर्न या पाळकाने त्यांची बुद्धी पाहून त्यांना विकत घेतले, शिकवले आणि मुक्त केले. येथे जरा थांबले पाहिजे. पाळकपदाच्या वाटेवरची पहिली पायरी म्हणजे दुसऱ्या पाळकाने बाजारात दाम मोजणे! १८०७ साली त्यांचा प्रश्न महासभेपुढे गेला. तिने तो स्थानिक प्रेस्बिटेरीच्या विचारावर सोपवला. १८१० मध्ये टेनेसीच्या युनियन प्रेस्बिटेरीने त्यांना दीक्षा दिली. काळ्या माणसाच्या मस्तकावर प्रेस्बिटेरीचा हात पडला तो असा.

तोपर्यंत ग्लॉस्टर यांनी फिलाडेल्फियात मंडळी जमवली होती. १८०७ साली २२ सभासदांनिशी पहिली आफ्रिकन प्रेस्बिटेरियन मंडळी उभी राहिली. सुरुवातीला इमारत नव्हती. हवा बरी असली की ते रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून गात, आवाज ऐकून माणसे जमत, मग उपदेश होई. पण दीक्षित पाळकाची बायको आणि चार मुले अजून टेनेसीत गुलाम होती. त्यांच्या मुक्ततेची किंमत १५०० डॉलर. ग्लॉस्टर गावोगाव हात पसरत फिरले आणि एकेक डॉलर जमवून त्यांनी आपले कुटुंब विकत घेतले. १८२२ मध्ये क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांचे पुत्रही पुढे पाळक झाले.

आता शेजारची घटना पाहू. ज्या १८१० साली ग्लॉस्टर यांना दीक्षा मिळाली, त्याच साली, त्याच टेनेसीत प्रेस्बिटेरियन पंथ फुटला. पश्चिमेकडे नव्याने वसलेल्या गोऱ्या वस्त्यांत पाळक कमी पडत होते. लॅटिन-ग्रीक न शिकलेल्या गोऱ्या उपदेशकांना परवाने देण्याचा सपाटा तेथील प्रेस्बिटेरीने लावला. वरच्या सभेने हरकत घेतली. तेव्हा त्या मंडळींनी वेगळी चूल मांडली आणि कंबरलंड प्रेस्बिटेरियन चर्च जन्माला आले. सिद्धान्ताचे मतभेदही त्यात होते, पण शिक्षणाची अट हा एक मोठा मुद्दा होता. रानात शाळा नाही, तर उमेदवाराने लॅटिन कोठून आणावे, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्तच होता! परिस्थिती पाहून अट पाहावी हे तत्त्व गोऱ्या वसाहतवाल्यांना पूर्ण कळत होते. त्यासाठी चर्च फोडण्याची त्यांची तयारी होती. पण गुलामांना अक्षर शिकवणे हाच गुन्हा ठरवणारे कायदे एकामागून एक झाले, तेव्हा त्या कारणासाठी या विद्याप्रेमी पंथात कोणी चूल वेगळी केली नाही. पात्रतेची अट कोणासाठी वाकते आणि कोणासाठी ताठ होते, हे पाहिले की पात्रतेची जात कळते.

४

अक्षरबंदीचा प्रश्न येथे अधिक खोलात पाहिला पाहिजे, कारण आपल्या इतिहासाशी त्याचे नाते रक्ताचे आहे.

जॉर्जियाने १८२९ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाने १८३० मध्ये आणि साउथ कॅरोलायनाने १८३४ मध्ये गुलामांना वाचायला शिकवण्यावर बंदी घातली वा असलेली बंदी कडक केली. प्रेस्बिटेरियन माणसापुढे यातून पेच उभा राहिला. हा पंथ ग्रंथाचा. प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचावे असे सांगणारा. मग न वाचणाऱ्या गुलामाला धर्म कसा द्यायचा? जॉर्जियातील चार्ल्स कॉलकॉक जोन्स या पाळकाने त्यावर तोडगा काढला. ते स्वतः मोठ्या मळ्यांचे आणि गुलामांचे धनी. त्यांनी गुलामांसाठी प्रश्नोत्तरी रचली आणि ती तोंडी पाठ करून घेण्याची पद्धत बसवली. धर्म द्यायचा, पुस्तक द्यायचे नाही. आज्ञापालन शिकवायचे, अक्षर शिकवायचे नाही. श्रवणापुरता अधिकार, अध्ययनाचा नाही. ही वाटणी आपल्याकडे कोणी केली होती हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता एक योगायोग पाहा. हे जोन्स १८३० साली प्रिन्स्टनच्या ईश्वरविज्ञान विद्यालयातून, म्हणजे सेमिनरीतून, बाहेर पडले. त्याच सेमिनरीतून दोनच वर्षे आधी, १८२८ मध्ये, थिओडोर सेजविक राइट हे काळे गृहस्थ पदवीधर झाले होते. अमेरिकेतील कोणत्याही ईश्वरविज्ञान विद्यालयाचे हे पहिले काळे पदवीधर. एकाच वास्तूतून एक गोरा काळ्यांना अक्षराविना धर्म देण्याची युक्ती शिकून गेला, असे म्हणणे कदाचित अन्यायाचे होईल. पण त्या वास्तूने त्याला त्यापासून परावृत्तही केले नाही. आणि एक काळा तेच ग्रीक, तेच हिब्रू शिकून गुलामगिरीच्या मुळावर उठला.

राइट न्यूयॉर्कच्या पहिल्या काळ्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक झाले. ही मंडळी उभी केली होती सॅम्युएल कॉर्निश यांनी. त्याच कॉर्निश यांनी १६ मार्च १८२७ रोजी जॉन रसवर्म यांच्यासह ‘फ्रीडम्स जर्नल’ काढले. काळ्या माणसांच्या मालकीचे अमेरिकेतले ते पहिले वृत्तपत्र. राइट १८३३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्थेच्या संस्थापकांत होते. १८३६ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या सभेसाठी ते प्रिन्स्टनला आपल्या विद्यालयात गेले. तेथे एका गोऱ्या तरुणाने त्यांना वर्णावरून शिवी हासडली आणि भर सभेत लाथा मारल्या. त्यांच्याजवळ पदवी होती, परवाना होता, दीक्षा होती, प्रेस्बिटेरीत मत होते. लाथेने यातले काही पाहिले नाही. आपल्याकडे डॉक्टर, प्राध्यापक, कलेक्टर झालेल्या माणसाला भाड्याने खोली मिळत नाही तेव्हा आपल्याला जे कळते, ते राइट यांना त्या दिवशी कळले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे त्यांनी केलेले भाषण वर्णद्वेषावर होते. गुलामगिरी दक्षिणेत आहे, पण तिचा आत्मा उत्तरेच्या शाळांत आणि देवळांत बसला आहे, असा त्या भाषणाचा आशय होता.

५

ज्यांना विद्यालयाने दार उघडले नाही, त्यांनी काय केले?

जेम्स पेनिंग्टन मेरीलंडमधील गुलाम, धंद्याने लोहार. १८२७ मध्ये ते पळाले. पेन्सिल्व्हेनियात आल्यावर अक्षर शिकले. १८३४ च्या सुमारास ते येलच्या ईश्वरविज्ञान वर्गात बसू लागले. पण त्यांची नोंद विद्यार्थी म्हणून झाली नाही. वर्गात त्यांनी प्रश्न विचारायचा नाही, ग्रंथालयातले पुस्तक घ्यायचे नाही. फक्त ऐकायचे. वर्गाबाहेर बसलेल्या बालपणाच्या भीमरावाची आठवण झाल्यावाचून येथे पुढे जाता येत नाही. पेनिंग्टन यांनी ऐकता ऐकता शिकून घेतले, काँग्रिगेशनल पंथात दीक्षा घेतली, पुढे न्यूयॉर्कच्या शायलो प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक झाले. १८४१ मध्ये त्यांनी काळ्या लोकांच्या इतिहासाचे पाठ्यपुस्तक लिहिले. १८४९ साली जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. युरोपात डॉक्टर म्हणून मान घेणारा हा माणूस तेव्हा मायदेशी कायद्याने पळपुटा गुलाम होता! १८५१ मध्ये त्यांच्या मित्रांनी पैसे भरून त्यांची मुक्तता विकत घेतली. येलने त्यांना मरणोत्तर सन्मान-पदवी दिली ती २०२३ साली.

हेन्री हायलंड गार्नेट यांची वाट याहून काट्याची. १८१५ चा जन्म, गुलाम म्हणून. नऊ वर्षांचे असताना कुटुंब पळून आले. १८३५ मध्ये ते न्यू हॅम्पशायरमधील कॅनान गावच्या नॉइस अकॅडमीत शिकायला गेले. काळी आणि गोरी मुले एका वर्गात बसतात हे गावाला सोसले नाही. गावकऱ्यांनी बैलांच्या जोड्या आणल्या, शाळेच्या इमारतीला साखळ्या बांधल्या आणि अख्खी शाळा पायावरून उखडून ओढून नेली. पाणवठा बाटला म्हणून दंगल करणारी गावे आपण पाहिली. शाळा बाटली म्हणून ती बैल लावून ओढून नेणारे गाव अमेरिकेचे. गार्नेट पुढे ओनायडा इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, ट्रॉय शहरात प्रेस्बिटेरियन पाळक झाले. १८४३ मध्ये बफेलोच्या परिषदेत त्यांनी गुलामांना उद्देशून भाषण केले आणि प्रतिकाराची हाक दिली. पुष्कळांना ती फार जहाल वाटली; परिषदेने तिला मान्यता दिली नाही. पण गुलामगिरी रद्द करणारी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात संमत झाल्यावर, १२ फेब्रुवारी १८६५ रोजी, त्याच सभागृहात उपदेश करायला बोलावले गेले ते गार्नेटच. तेथे बोलणारे ते पहिले काळे वक्ते.

तिसरी तऱ्हा जेम्स रॅल्स्टन अ‍ॅमोस यांची. पेन्सिल्व्हेनियातील या स्वतंत्र काळ्या तरुणाला पाळक व्हायचे होते. ऑक्सफर्ड गावचे प्रेस्बिटेरियन पाळक जॉन मिलर डिकी यांनी त्यांच्यासाठी विद्यालयांचे दरवाजे ठोठावले. जागा मिळाली नाही. राइट यांच्या पदवीला तेव्हा पाव शतक होत आले होते. पहिला आत गेला म्हणजे दार उघडे राहते असे नाही, हे येथे दिसते. तेव्हा डिकी यांनी १८५४ मध्ये काळ्यांसाठी स्वतंत्र अ‍ॅशमन इन्स्टिट्यूट स्थापले. अ‍ॅशमन हे लायबेरियाच्या वसाहतीत काम केलेल्या गोऱ्या कार्यकर्त्याचे नाव. शिकलेल्या काळ्याने आफ्रिकेत जावे अशी जी अनेक सज्जन गोऱ्यांची इच्छा होती, ती संस्थेच्या नावातच कोरलेली होती. पहिले पदवीधर लायबेरियाला गेलेही. पण संस्थेने आपल्या संस्थापकांची मर्यादा ओलांडली. १८६६ मध्ये तिचे नाव लिंकन विद्यापीठ झाले. कवी लँग्स्टन ह्यूज, न्यायमूर्ती थर्गुड मार्शल, घानाचे क्वामे एन्क्रुमा हे सर्व तिचे विद्यार्थी. पाळक घडवायला काढलेल्या शाळेतून एक देश स्वतंत्र करणारा माणूस निघाला.

६

दीक्षा मिळवून या माणसांनी काय साधले? तेही गोऱ्यांच्या देवाचे पुजारीच झाले ना, असा प्रश्न आपले तरुण कार्यकर्ते विचारतील. प्रश्न योग्य आहे. उत्तरासाठी वॉशिंग्टनच्या फिफ्टीन्थ स्ट्रीट प्रेस्बिटेरियन चर्चकडे पाहू. १८७० मध्ये त्याच्या तळघरात काळ्या मुलांसाठी माध्यमिक शाळा सुरू झाली. पुढे नावारूपाला आलेल्या डनबार हायस्कूलची ती सुरुवात. १८७८ पासून तेथे फ्रान्सिस ग्रिम्के पाळक होते. १८५० चा जन्म; आई गुलाम, बाप तिचा गोरा मालक. बापामागे सावत्र गोऱ्या भावाने त्यांना पुन्हा गुलाम केले. यादवीनंतर ते लिंकन विद्यापीठात आणि नंतर प्रिन्स्टनच्या सेमिनरीत शिकले. जमावाने काळ्यांना फासावर लटकवण्याच्या काळात राजधानीच्या व्यासपीठावरून ते त्याविरुद्ध निर्भयपणे बोलत राहिले. १९०९ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली तेव्हा ते तिच्या आरंभीच्या मंडळींत होते.

पुढे त्यांना जी लढाई द्यावी लागली ती आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. १८१० मध्ये शिक्षणाची अट नको म्हणून बाहेर पडलेले कंबरलंड चर्च १९०६ मध्ये मूळ चर्चमध्ये परतले. दरम्यान, १८७४ मध्ये, त्यांच्यातल्या काळ्या मंडळींचे वेगळे चर्च निघाले होते. गोरे कंबरलंडवाले परत येताना वर्णावर आधारलेल्या वेगवेगळ्या प्रेस्बिटेरी ठेवता येतील अशी सोय नियमात केली गेली. ग्रिम्के यांनी या सौद्याला कडाडून विरोध केला. त्यांना नेमके कळले होते की पाळकाचे सामर्थ्य त्याच्या झग्यात नसते, समान सभेतल्या त्याच्या मतात असते. काळ्याला दीक्षा द्या, पण त्याची सभा वेगळी ठेवा. म्हणजे परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस आपल्या परीक्षेला कधी बसणार नाही. पात्रतेचा नियम मोडता येत नाही असे दिसले की टेबलच वेगळे मांडायचे! विरोध करूनही एकीकरण त्याच अटीवर झाले.

७

आपल्या मातीत हीच वाट कशी दिसली?

मुंबई आणि पुण्याचे स्कॉटिश मिशन याच पंथाचे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ पासून जोतीराव फुले शिकले. पाळकपदाची शिक्षणाची अट येथेही होती. येथे त्या मिशनने आरंभी ज्यांना दीक्षा दिली त्यांत धनजीभाई नौरोजी हे पारशी, आणि १८५४ मध्ये दीक्षित झालेले नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. शेषाद्रींचे पुढचे मोठे कार्य जालन्याकडचे आणि त्यांच्या मंडळीत मांग समाजाची माणसे बहुसंख्य. शेषाद्रींच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. जात सोडून त्यांनी जे सोसले ते थोडे नव्हते. पण रचना पाहा. ज्याच्या घरात पिढ्यांचे अक्षर होते तो व्यासपीठावर, ज्याला अक्षर नाकारले गेले तो समोर जमिनीवर. नियमात जात नव्हती. नियम लागू झाला आणि जात आपोआप आपल्या जागी जाऊन बसली.

जोतीरावांना हे मर्म कळले होते. ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी शाळेची वाट आधी मोकळी करायला घेतली. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. त्या लोकांत राइट आणि गार्नेट यांच्यासारखे काळे पाळकही होते, हे सहसा सांगत नाही. पुढे १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले, त्याच्या शंभर वर्षे आधी जोडलेला हा धागा आहे.

८

वाट अजून संपलेली नाही. १९६४ मध्ये एडलर हॉकिन्स हे उत्तरेकडील युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चच्या महासभेचे पहिले काळे अध्यक्ष झाले. ग्लॉस्टर यांच्या दीक्षेनंतर १५४ वर्षांनी. याच चर्चमध्ये १९७४ मध्ये केटी कॅनन यांना दीक्षा मिळाली. पाळक झालेल्या त्या पहिल्या काळ्या स्त्री. या चर्चच्या परंपरेत गोऱ्या स्त्रीला पाळकपद १९५६ मध्ये मिळाले होते. म्हणजे काळ्या पुरुषानंतर गोरी स्त्री आणि सर्वांच्या शेवटी काळी स्त्री. नॉर्थ कॅरोलायनातील कॅनापोलिस या कापडगिरण्यांच्या गावात, वर्णभेदाच्या कडक कुंपणात कॅनन वाढल्या. त्या पुढे नीतिशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. मळ्यात आणि परक्यांच्या स्वयंपाकघरात राबलेल्या काळ्या स्त्रियांच्या जगण्यातून नीतिशास्त्र उभे करता येते, हे त्यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. ज्या परीक्षेत लॅटिन विचारत होते, तिथे कॅनन यांनी आपल्या आज्यांचे शहाणपण अभ्यासाचा विषय म्हणून मांडले. पात्रता मिळवणे ही पहिली पायरी. पात्रता म्हणजे काय हे ठरवण्याच्या जागी पोचणे ही पुढची. आपल्या साहित्यानेही प्रमाणभाषेच्या परीक्षकांपुढे हेच केले.

२०२१ साली प्रिन्स्टनच्या सेमिनरीने आपल्या ग्रंथालयाला थिओडोर सेजविक राइट यांचे नाव दिले. ज्या आवारात त्यांना लाथा बसल्या तेथेच. नाव दिले हे चांगलेच झाले. पण नावाने हिशेब फिटत नाही हे आपल्याला आपल्या विद्यापीठांवरून माहीत आहे.

बाबासाहेबांची परीक्षेची सूचना चूक होती काय? मुळीच नाही. जन्माच्या दारापेक्षा परीक्षेचे दार केव्हाही चांगले, कारण ते ठोठावता येते. चॅव्हिस, ग्लॉस्टर, राइट यांनी ते ठोठावले म्हणून ते दार आहे हे तरी जगाला दिसले. पण या इतिहासातून तीन गोष्टी शिकून ठेवाव्या लागतात. दारापर्यंतचा रस्ता खुला नसेल तर परीक्षा हे जन्माचेच दुसरे नाव होते. पहिला आत गेला म्हणजे दार उघडे राहिले असे होत नाही. त्याला पाचर मारणारे दुसरे, तिसरे, दहावे आत जावे लागतात. आणि आत गेलेल्याला वेगळ्या टेबलावर बसवण्याचा डाव नेहमी रचला जातो. तो ओळखता आला पाहिजे.

तेव्हा पुढच्या वेळी ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ हा शेरा वाचाल, तेव्हा शेरा कोणी लिहिला ते पाहा, आणि उमेदवाराच्या शाळेला बैल कोणी लावले होते, तेही विचारा.